वेशीबाहेरचे घर : नंदुरबारच्या नव्या वसाहतींविषयी एक संवाद

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव जिल्ह्याचे मुख्यालय बनले. मुख्यालयाबरोबर कार्यालये आली, कार्यालयांबरोबर बदलीवर येणारी नोकरदार कुटुंबे आली, आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 11 हजार लोकसंख्या असलेल्या या शहराच्या वेशीबाहेर, जेथे पूर्वी कापूस आणि मिरची उभी असे तेथे, निवासी भूखंडांची रेखांकने पडू लागली. रेखांकन, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘लेआऊट’, हे एका सलग जमिनीचे रस्ते, खुली जागा आणि क्रमांक दिलेले भूखंड यांत केलेले, सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेले विभाजन होय. ज्या जमिनीवर ते पडते ती बिनशेती, म्हणजे ‘एन.ए.’, ठरावी लागते. शेतीसाठी आकारणी झालेल्या जमिनीचा वापर निवासासाठी करण्यास महसुली मान्यता मिळणे असा त्याचा अर्थ आहे.

नवी मुंबईसारख्या ठिकाणी नियोजित उपनगर एका महामंडळाने एका नकाशावर आखलेले असते. नंदुरबार, शहादा किंवा तळोदा येथे तसे घडलेले नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली तयार होणारी विकास योजना मुख्य रस्ते आणि सार्वजनिक आरक्षणे दाखवते, परंतु त्यांच्या मधली वस्ती मात्र एकेका शेताच्या गट क्रमांकानुसार, त्या त्या मालकाच्या सवडीने आणि विकासकाच्या भांडवलाने उभी राहते. येथील घर-खरेदीचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड झाली, तर पुढचा सारा वाद अधांतरी राहतो.

पुढील संवादातील दोन पात्रे व्यक्ती नसून भूमिका आहेत. नगररचनेचे शिक्षण घेतलेल्या आणि मंजूर वसाहतीतच घर घ्यावे असे मानणाऱ्या पिढीच्या वतीने ‘ताई’ बोलतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी संपवून निवृत्तीच्या रकमेतून घराचा विचार करणाऱ्या, पण वेशीबाहेरच्या कोऱ्या वसाहतीकडे साशंकतेने पाहणाऱ्या वर्गाच्या वतीने ‘गुरुजी’.

ताई : गुरुजी, आयुष्यभराची पुंजी घरात घालायची असेल तर ती मंजूर रेखांकनातच घालावी, कारण गावठाणात, म्हणजे मूळ वस्तीसाठी महसुली दप्तरात वेगळ्या राखलेल्या जागेत, भिंतीला भिंत लागून घरे आहेत, वाटण्या होत होत एका वाड्याची चार बिऱ्हाडे झाली आहेत आणि कित्येक बोळांत रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचू शकत नाही. याउलट डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात 10 टक्के जागा रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी मोकळी सोडावी लागते आणि आतल्या रस्त्यांची रुंदी त्यांच्या लांबीच्या प्रमाणात ठरते. दोन हेक्टरांच्या शेतावर रेखांकन पडले तर 2,000 चौरस मीटरची खुली जागा त्या वसाहतीची झाली. जुन्या नंदुरबारच्या एखाद्या गल्लीने एवढी जागा मिळवायची म्हटली, तर किती घरे पाडावी लागतील याचा विचार व्हावा.

गुरुजी : नकाशावर ती जागा असते, ताई, हे नाकारता येणार नाही, पण तिच्यात बाभळी वाढतात, घरे बांधून उरलेली खडी पडते आणि दहा वर्षांनी ती कोणाची, असे विचारले तर विकासक नगरपरिषदेकडे बोट दाखवतो आणि नगरपरिषद विकासकाकडे. शिवाय प्रत्येक रेखांकन स्वतःपुरते नियोजित असते. एका शेतातला नऊ मीटरचा रस्ता शेजारच्या शेताच्या बांधाला जाऊन थांबतो, आणि शेजारच्या मालकाने रेखांकन टाकेपर्यंत, किंवा टाकले तरी त्याचा रस्ता दोन मीटर सरकलेला निघाल्यास कायमचाच, तेथे थांबून राहतो. जुन्या गावात भाजी, दवाखाना, शाळा, पिठाची गिरणी आणि आजारपणात धावून येणारा शेजारी हे सारे पायी अंतरावर असते. 1915 पासून भारतातील अनेक शहरांचे अहवाल लिहिणारे आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडीस यांनी आपल्या शेजारच्या इंदूरचाही अहवाल 1918 मध्ये दिला होता, आणि त्यांचा आग्रह असा होता की जुन्या वस्तीत सरसकट पाडापाडी न करता जेथे खरोखर कोंडते तेवढेच मोकळे करावे. त्या मार्गाने जुने गाव सुधारणे सोडून माणसांना शिवारात नेऊन बसवण्याची ही घाई कशासाठी?

ताई : गेडीस यांचा दाखला मान्य आहे, पण त्यांच्या काळातल्या लोकवस्तीत आणि आजच्या लोकवस्तीत फार अंतर पडले आहे. गावठाणाची हद्द सहजासहजी वाढत नाही, कुटुंबे मात्र वाढतात. ज्यांना गावठाणात घर मिळत नाही आणि मंजूर रेखांकनातला भूखंड परवडत नाही, ते गुंठेवारीकडे वळतात, ही खरी भीती आहे. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, 1,089 चौरस फूट. आणि गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे कोणत्याही मंजुरीविना गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, कित्येकदा नोंदणी न केलेल्या मुद्रांकावर लिहून देऊन, केलेली विक्री. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा शेतीचे असे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून आला, तरी लोकांची निकड एवढी मोठी होती की शासनाला 2001 मध्ये गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा करावा लागला आणि 2021 मध्ये त्यात दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या तुकड्यांना त्याचा लाभ द्यावा लागला. अशा वस्तीत रस्त्यासाठी कोणी जागाच सोडलेली नसते. मग गटार घालायचे तर कोणाच्या ओट्याखालून, हा तंटा पिढ्यान्पिढ्या चालतो.

या मुद्द्यावर ताईंची बाजू वरचढ आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या माणसाला प्रत्यक्षात जुने घर आणि नवी वसाहत यांतून निवडच करता येत नाही, ज्याच्यासमोर मंजूर भूखंड आणि नामंजूर तुकडा एवढेच पर्याय आहेत, त्याला गावठाणाच्या शेजारधर्माचे गुणगान ऐकवून काही उपयोग नाही. तथापि गुरुजींचा आक्षेप याने संपत नाही; तो मंजुरीविषयी नसून मंजुरीनंतरच्या काळाविषयी आहे, आणि तेथे जमीन स्वतःच साक्षीला उभी राहते.

गुरुजी : तापीच्या खोऱ्यातील जी काळी माती कापसाला मानवते ती घराला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, चैत्र-वैशाखात मनगट जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते, आणि तिच्यावर उथळ पाया घेऊन बांधलेल्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिसऱ्या वर्षी तिरपी चीर निघते. रेखांकन विक्रीला येते तेव्हा रंगवलेली कमान उभी असते, चुन्याने आखलेले भूखंड आणि क्रमांक लिहिलेले हद्दीचे दगड दिसतात, मुरमाचा रस्ता नुकताच रोलर फिरवून गुळगुळीत केलेला असतो. मृगाचे दोन पाऊस झाले की तोच मुरूम काळ्या मातीत बसतो आणि मोटारसायकल कमानीपाशी ठेवून, चपला हातात घेऊन घर गाठावे लागते. नंदुरबार शहराला शिवण नदीवरील विरचक धरणाचे पाणी मिळते, परंतु त्या पाण्याची वाहिनी वसाहतीपर्यंत येईलच असे मंजुरीच्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते. वसाहत नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर असली तर ती ग्रामपंचायतीची, आणि ग्रामपंचायतीकडे दोनशे नव्या घरांना पाणी पुरवण्याची ऐपत कोठून येणार? मग प्रत्येक जण आपापली बोअर घेतो आणि एकाच खडकातले पाणी सगळे मिळून उपसतात. हिवाळ्यात शेजारच्या रानात मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे लाल मिरची वाळत घालण्याची मोकळी मैदाने, पसरतात आणि वाऱ्याबरोबर तिचा खकाणा घरात येतो. पथाऱ्या तेथे आधीपासून होत्या. घरे नंतर आली.

ताई : काळ्या मातीला उपाय आहे आणि तो जुना आहे. मुरूम लागेपर्यंत खोदून पाया घ्यावा, किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखी फुगीर गाठ असलेले काँक्रीटचे खांब, ज्यांना अभियंते अंडर-रीम्ड पाइल म्हणतात, ते वापरावेत. खर्च वाढतो, पण घर टिकते. रस्ता, गटार, वीज आणि पाणी यांच्याविषयी कायदा मुका नाही. सर्वसाधारणपणे रेखांकनाला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, ठरलेली कामे झाल्यावर आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी झाल्यावर अंतिम मंजुरी मिळते, आणि त्यानंतर कमी-जास्त पत्रक होऊन, म्हणजे मूळ गटाच्या क्षेत्रातून प्रत्येक भूखंडाचे क्षेत्र वेगळे नोंदले जाऊन, स्वतंत्र सातबारे निघतात. स्थावर संपदा अधिनियम, 2016 प्रमाणे 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंड प्रकल्पाला विक्रीपूर्वी महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि नोंदणीकृत करार केल्याखेरीज किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. पथाऱ्यांविषयीचा आक्षेप मात्र रास्त आहे. विकास योजनेने त्यांच्यासाठी वेगळा पट्टा राखला पाहिजे, नाहीतर आज आलेले रहिवासी उद्या त्यांच्याच विरुद्ध अर्ज करतील.

गुरुजी : कायद्यात लिहिलेले आणि जमिनीवर उतरलेले यांतले अंतर या जिल्ह्याइतके कोणी पाहिले नसेल, ताई. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांमधील 33 गावे बाधित झाली, आणि त्यांतील अनेक कुटुंबांना सोमावल, रोझवा यांसारख्या वसाहतींत तळोद्याच्या बाजूला आणून वसवले गेले. नर्मदा पाणी तंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात प्रत्येक कुटुंबाला 60 फूट बाय 90 फूट एवढा घराचा भूखंड विनामूल्य द्यावा असे होते. 100 कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा, 50 कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर आणि गुरांसाठी हौद, 500 कुटुंबांमागे दवाखाना, पंचायतघर, मुलांसाठी उद्यान, तलाव, आणि प्रत्येक वसाहत मुख्य रस्त्याला जोडलेली, असा सारा हिशेब तेथे मांडलेला होता. नियोजन यापेक्षा नेटके ते काय असणार? तरीही सातपुड्यातल्या पाड्यावर, जेथे प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, दुसऱ्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असते, तेथून आलेल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांना सरळ रेषेतल्या ओळींत बसवले गेले, आणि निवाड्यात लिहिलेल्या शाळेसाठी, पाण्यासाठी, शेतीयोग्य जमिनीसाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

ताई : या उदाहरणाने नियोजनाचा पराभव सिद्ध होत नाही, गुरुजी, उलट नियोजनात काय हवे ते त्यातूनच कळते. विस्थापितांना मोर्चा काढता आला, न्यायालयात जाता आले, कारण पन्नास कुटुंबांमागे एक विहीर हे शब्द एका बंधनकारक निवाड्यात होते. नंदुरबारच्या वेशीबाहेर स्वेच्छेने, पैसे मोजून भूखंड घेणाऱ्या शिक्षकाच्या खरेदीखतात असे किती शब्द असतात? त्याला भूखंडाच्या चतुःसीमा मिळतात, पण किती घरांमागे किती पाणी, शाळा किती अंतरावर, याविषयी अवाक्षर नसते. ज्यांचे घरदार धरणाखाली गेले त्यांच्यासाठी लवादाने जे मोजमाप लिहून ठेवले, ते विकत घेणाऱ्यासाठीही लिहून ठेवावे, ही मागणी नगररचनेनेच केली पाहिजे.

या उत्तरात संवादाचा सर्वांत मोलाचा विचार आहे. बाजारात भूखंड मोजला जातो, सुविधा मोजली जात नाही. आणि जे मोजले जात नाही त्याचा दावा करता येत नाही. लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी अपुरी राहिली हे खरे, परंतु कुटुंबांच्या संख्येशी सुविधेचे प्रमाण बांधण्याची त्यातील पद्धत आजच्या खासगी रेखांकनांच्या नियमांपेक्षा अधिक माणुसकीची होती. खुल्या जागेची टक्केवारी ठरवणारा नियम त्या जागेत झाड, दिवा, नळ असेल की नाही याविषयी फारसे सांगत नाही.

गुरुजी : आणि वाट किती काळ पाहायची? नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यात मांडली, 1970 मध्ये त्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले, 1973 मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला, आणि तरीही मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल 1992 मध्ये गेली. शासनाचे महामंडळ आणि मुंबईसारखे शहर पाठीशी असताना वीस वर्षे लागली, तर नंदुरबारच्या टोकरतलाव रस्त्यावरच्या किंवा शहाद्याच्या एखाद्या शेतातल्या रेखांकनाला किती लागतील? साठाव्या वर्षी घर घेणाऱ्याने ऐंशीव्या वर्षाची बस धरायची काय?

ताई : साठीच्या माणसाने अर्धी वस्ती उभी राहिलेल्या जुन्या रेखांकनात घर घ्यावे, कोरे रेखांकन तिशीतल्यांसाठी सोडावे, एवढे या उदाहरणावरून खुशाल म्हणता येईल. मात्र नवी मुंबईचा दुसरा धडाही सांगितला पाहिजे. तेथे 95 गावांची जमीन गेली, 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, आणि पुढे 1990 मध्ये जमीन देणाऱ्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला. वसाहतीच्या वाढलेल्या किमतीत जमीन देणाऱ्याचाही वाटा असतो, हे तत्त्व त्यातून आले. एबेनेझर हॉवर्ड यांनी 1898 च्या आपल्या पुस्तकात उद्याननगराची कल्पना मांडली ती बागांसाठीच नव्हे. जमीन सर्वांच्या सामाईक मालकीत ठेवून तिच्या वाढत्या मोलातून गावाच्या सोयी व्हाव्यात, हा तिचा गाभा होता.

गुरुजी : जमीन देणाऱ्याचा विषय निघाला ते बरे झाले, कारण या जिल्ह्यात तो टाळून घराचे बोलताच येत नाही. येथील सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके आणि नंदुरबार व शहाद्याची बरीच गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. 1970 च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली शहादा तालुक्यात आदिवासींनी हातची गेलेली जमीन परत मागितली, तेव्हा ती जमीन कर्जापायी आणि अंगठ्यांपायी गेली होती. आज तीच जमीन भूखंडांच्या रूपाने जाऊ नये.

ताई : त्यासाठीच 1974 चा आदिवासींना जमीन परत देण्याचा कायदा झाला आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये कलम 36-अ आले. त्यानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने दिलेली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जमीन पुढे बिनशेती झाली म्हणून मागच्या बेकायदा व्यवहाराचा दोष आपोआप पुसला जात नाही, म्हणून खरेदीदाराने केवळ चालू सातबारा पाहून समाधान मानू नये. निदान 1974 पासूनचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वकिलाकडून तपासून घ्यावेत. यात स्वतःचा बचाव आहेच, आणि ज्याची जमीन होती त्याच्याशी प्रामाणिक राहणेही आहे.

गुरुजी : मग तुमच्या नियोजनात आणि आमच्या जुन्या गावात एवढेच अंतर उरते, ताई, की जुन्या गावात विहीर कोणाची, वाट कोणाची, पाणवठा कोणाचा, हे सर्वांना ठाऊक होते, नव्या वसाहतीत ते कोणालाच ठाऊक नाही.

गुरुजींचे हे शेवटचे म्हणणे जुन्या गावाविषयी थोडे अधिक उदार आहे, कारण त्या पाणवठ्यावर सर्वांना प्रवेश नव्हता आणि तो मिळवण्यासाठी महाराष्ट्रात 1927 मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. नियमाने सर्वांसाठी मोकळी ठेवलेली जागा ही त्या दृष्टीने जुन्या गावाने कधीच न दिलेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती हातची जाऊ देणे अधिक गंभीर आहे. ताईंचा निष्कर्ष, की घर मंजूर रेखांकनात घ्यावे, योग्य ठरतो. पण तो गुरुजींची अट घालूनच, की सामाईक भाग कोणाच्या तरी कायदेशीर जबाबदारीत गेल्याखेरीज ते रेखांकन पुरे झाले असे मानू नये. रस्ते आणि खुल्या जागा नगरपरिषदेकडे किंवा रहिवाशांच्या संस्थेकडे नोंदणीकृत दस्ताने हस्तांतरित झाल्या नसतील, तर दिव्याचे बिल, गटाराची सफाई आणि अतिक्रमणाचा दावा यांपैकी कशालाही धनी उरत नाही. नगरपरिषदांनीही हे हस्तांतरण पुरे झाल्याखेरीज अंतिम मंजुरी देऊ नये.

नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरच्या वेशीबाहेर घर घेऊ पाहणाऱ्या वाचकाने बयाणा देण्यापूर्वी तलाठ्याकडून आपल्या भूखंडाच्या सातबाऱ्याबरोबर त्याच रेखांकनातील रस्त्याचा आणि खुल्या जागेचाही सातबारा काढावा, आणि मालकाच्या रकान्यात अजून मूळ मालकाचे किंवा विकासकाचेच नाव असेल तर ते बदलेपर्यंत थांबावे.